पडशानं केलेला घात

या गवळीदादा, टेका जरा. रिकामे डबे गाडीवरच राहू द्या. एक गोष्ट सांगतो, ती ऐका आणि मग हव्या तेवढ्या शिव्या घाला.

आमची मंडळी डेअरीत काय करते, तुम्हाला ठाऊकच आहे. झाकण निघालं की नाक खाली. दूध चांगलं असलं तर टाकीत, नासलं असलं तर डबा बाजूला. पण मधे तो मोठा ताप आला ना, तेव्हापासून तिच्या नाकाला काही कळत नाही. कांदा नाही, रॉकेल नाही. माझा घामट सदरासुद्धा कळेना, तेव्हा म्हटलं, आता खरं नाही!

तिची नोकरी गेली तर चूल थंड. डब्यांची झाकणं काढायचं काम माझंच, म्हणून काढता काढता मीच हुंगायचो. नासलेलं असलं की खोकायचो. मग ती वाकायची, नाक मुरडायची, डबा बाजूला.

झकास चाललं होतं. आज सकाळी मलाच पडसं झालं. झाकण काढलं, खो खो. दुसरं काढलं, खो खो. ही आपली सारतेय डबे बाजूला! मी डोळे वटारले तर आणखीच घाबरली.

"बाई, आत्ता काढलंय, अजून कोमट आहे!" तुम्हीच ओरडलात ना?

साहेबानं बाजूचे डबे स्वतः हुंगले. म्हणाला, "उद्या बाई एकटी उभी राहील. तू टाकी धू."

दुपारी तिच्या मामांकडे गेलो. मामा जुने मास्तर. ही त्यांच्यापुढं ढसाढसा रडली. त्यांना काही सुचलं नाही, की ते शिकवायला लागतात. "पोरी, घाण हा शब्द घ्राणावरून आला. घ्राण म्हणजे नाक, वास घेणं. त्यात चांगलं-वाईट काही नव्हतं. पुढं चांगलं निसटलं, वाईट तेवढं उरलं."

"मामा, इथं घर बुडतंय आणि तुम्ही शब्द कसले सोलताय!" मी भडकलो.

पण ही डोळे पुसून म्हणाली, "शब्दात वाईट तरी उरलं. माझ्या नाकात तेवढंच उरलं असतं, तरी पोट भरलं असतं."

घरी आल्यापासून आत बसलीय, आंबलेल्या दुधाची वाटी नाकाशी धरून. घास पोटात नाही. मलाच विचारते, "अहो, मला येतोय का हो वास?"

दादा, उद्या ती प्रत्येक डबा चांगलाच म्हणणार आहे. दुधाची जराशी जरी शंका आली, तर ते घरीच ठेवा. बाकीच्या गवळ्यांनाही सांगा, पाया पडतो.