खडू कुणी खाल्ले

थोरली जाऊ कात्री चालवायची आणि धाकटी मशीन. शिवणाच्या त्या दुकानात दोघींची बारा वर्षं अशी गेली की एकीनं कापलेलं दुसरीच्या हातात पडलं म्हणजे गिऱ्हाइकानं निर्धास्त व्हावं. अशा जोडीत भांडण लागावं कशावरून? तर कापडावर खुणा करायच्या खडूवरून.

डबीतले खडू संपायचे. झिजून नव्हे, अख्खेच्या अख्खे गायब. धाकटीनं विचारलं तेव्हा थोरली भर गिऱ्हाइकासमोर फणकारली, "मला काय विचारतेस? तुझ्या लेकींना चित्रं काढायला नेत असशील!" पुढचे आठ दिवस धाकटी कामापुरतंच बोलली.

खरं सांगायचं तर खडू थोरलीच खात होती. कापायच्या टेबलाशी पाठमोरी उभी राहून, कुरुकुरु. चार महिने झाले, पण का खाते ते तिचं तिलाही कळत नव्हतं. चुना लावलेली भिंत दिसली तरी तोंडाला पाणी सुटायचं. बाई पन्नाशीला टेकलेली, अंगानं भरलेली. जिना चढताना धाप लागायची, ती वयावर ढकलता येत होती. खडूचं कुणावर ढकलणार? लोक वेडी म्हणतील या भीतीपायी तिनं आळ धाकटीच्या माथी मारला होता, आणि तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती.

अशात गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कोटाचं माप द्यायला आल्या. माप राहिलं बाजूला, त्या थोरलीची नखंच बघत बसल्या. चमच्यासारखी खोलगट झाली होती. मग त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली.

"जेवता काय?"

"पोटभर की! पाव, भात, बटाटा. वर कपभर चहा."

"जेवणावर चहा? रोज?"

"त्याशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही."

"पोट भरतंय हो, पण रक्ताला लोह कुठून मिळणार? पालेभाजी नाही, कडधान्य नाही. थोडंफार जातं ते हा चहा अंगी लागू देत नाही. चांगली धडधाकट दिसणारी माणसं अशी आतून उपाशी असतात." मग त्यांनी सहज विचारलं, "माती, बर्फ, खडू असलं काही खावंसं वाटतं?"

धाकटीचं मशीन थांबलं.

"छे! मी काय लहान आहे?" थोरली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायची चिठ्ठी लिहून दिली आणि त्या गेल्या.

धाकटीनं मशीन झाकलं. आपली छोटी कात्री पिशवीत टाकली. "ताई, उद्यापासून मी घरीच शिवीन. चोर म्हणवून घेत इथं बसायचं नाही मला."

थोरलीच्या मनात आलं, अब्रू गेली तर जाऊ दे, ही जाता कामा नये. तिनं टेबलावरचा खडू उचलला आणि जावेच्या देखत कडकन चावला.

धाकटी बघतच राहिली. थोरलीच्या ओठांवर भुकटी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मला वाटलं, मला घालवायला निमित्त शोधताय," धाकटी हळूच म्हणाली.

"नाही गं. लाज वाटत होती."

"आळ घेतलात तो गिऱ्हाइकासमोर. कबूल करायचं तेही गिऱ्हाइकासमोर."

"करीन."

"आणि रक्त द्यायला मी बरोबर येणार. तुमचा काय भरवसा, वाटेत एखादी भिंत खाल!"

दुसऱ्या दिवशी, दंडावर कापूस चिकटवलेल्या थोरलीसमोर पहिलं गिऱ्हाईक आलं. विजारीची चेन बदलून हवी होती.

"आधी ऐकून घ्या," थोरली म्हणाली. "या दुकानातले खडू मी खाल्ले. हिनं नेले असं मी म्हणाले होते, ते खोटं होतं."

गृहस्थ गोंधळले. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघून म्हणाले, "बरं. पण चेन कधी मिळेल?"

"चार वाजता," धाकटीनं सांगितलं आणि विजार आपल्या मशीनवर घेतली.