बटणाला हात लावू नका

होनोलुलूच्या बंदरातल्या खोलीत माहेआ बोटींचे निरोप उमटणाऱ्या पडद्याला डोळे लावून बसली होती. दक्षिणेकडून चक्रीवादळ सरकत होतं आणि समुद्रात पांगलेल्या साऱ्या मासेमारी बोटींना एकदमच बोलायचं होतं. तिचा धाकटा भाऊ कालेओ त्यांतच. सकाळपासून त्याच्या बोटीचा शब्द नव्हता.

"उपग्रह बिघडला का गं?" ओशिरो अंकलनी विचारलं. त्यांच्याही बोटी बाहेर होत्या.

"उपग्रह ठणठणीत आहे, तुमचे कप्तान बिघडलेत. वाट एकच, तिला रांग नाही. दोघांचे निरोप एका क्षणी निघाले की एकमेकांवर आदळून दोन्ही मेले. मग जरा दम खाऊन पुन्हा पाठवायचं. आज दम कोण खातंय? नुसते बटण बडवतायत."

"आमचा कप्तान मात्सु तर बडवतच असणार. लिफ्टचं बटणसुद्धा सोडत नाही मेला."

किनाऱ्यावरून बोटींकडे जाणारी वाट वेगळी, मोकळी होती. माहेआने सगळ्यांना लिहिलं: 'जिवावर बेतलं असेल त्यांनीच निरोप पाठवा. बाकीच्यांनी बटणाला हात लावू नका.'

गर्दी ओसरली. कुणाचं सुकाणू तुटलेलं, कुणाचा खलाशी जखमी. निरोप धडाधड पोचले. तिने ते तटरक्षकांना कळवले. मग पडदा गप्प.

"गप्प म्हणजे सुखरूप," अंकल म्हणाले आणि डब्यातला, स्पॅमचं डबाबंद मांस घातलेला भाताचा मुटका तिच्यापुढे सरकवला.

तिने घास उचलला आणि तसाच खाली ठेवला. एका लग्नाच्या सकाळी गळ तळहातात घुसला तेव्हाही कालेओ पंगत उठेपर्यंत हात खिशात घालून हसत बसला होता. लोकांना कशाला त्रास! हे आईने दोघांच्या हाडांत भरलेलं. जिवावर बेतलंय असं तो कशाला म्हणेल?

"अंकल, मीच त्याचं तोंड बांधलं हो."

तिने फक्त त्याच्या बोटीला लिहिलं: 'कालेओ, बोटीत काय झालंय ते सांग. विचारत नाहीये, हुकूम आहे.'

काही नाही. अंकलनी डबा आवाज न करता मिटला.

मग एक ओळ उमटली. 'तायडे, इंजिनाच्या खोलीत थोडं पाणी आहे. गुडघ्याच्या वर. पंप बंद. आधी दुसऱ्यांचं बघ.'

"थोडं म्हणे!" तिने तटरक्षकांना फोन लावला. निरोपासोबत उमटलेलं बोटीचं ठिकाण तिने दोनदा सांगितलं. मग तिने लिहिलं: 'वरून पंप टाकायला विमान निघालंय. पाणी चढलं की कळव. लाजलास तर बघ.'

'कमरेला आलं,' उत्तर आलं. आणि पाठोपाठ, न विचारता: 'भीती वाटतेय.'

माहेआने तेही तटरक्षकांना वाचून दाखवलं.