घोड्याची मान

चामड्याच्या घोड्यात सगळी करामत मानेत असते, हे आधी लक्षात घ्या. तारेचा सांगाडा वाकवणं, त्यात रद्दी ठासणं, वरून ओलं चामडं चढवणं, हे सगळं मेहनती माणूस शिकून घेतो. पण मानेचं चामडं सुकताना आक्रसतं, मुंडी वर खेचली जाते, आणि झालं घोड्याचं गाढव! गंगूबाईंच्या घोड्याचं तसं होत नाही. त्यांचा घोडा पाणी प्यायला वाकल्यासारखा मान झुकवून उभा राहतो, कारण मानेचा तुकडा त्या एका जुन्या पुठ्ठ्याच्या फर्म्यावर कापतात.

हा फर्मा त्यांना सासूने दिला होता. घरची रीतच तशी, फर्मा सुनेला द्यायचा, मुलीला नाही. मुलगी दुसऱ्याच्या घरी जाणार, तिच्याबरोबर कसबही जाणार. गंगूबाईंना मुलगा नाही, त्यामुळे सून नाही. मुलगी प्रियंका मात्र सांवेरचं सासर कायमचं सोडून तीन वर्षांपूर्वी परत आली. रोज आईच्या शेजारी बसून पाय करते, शेपट्या करते, आयाळ चिकटवते. मान कापायची वेळ आली की आई म्हणणार, "जा, चाय ठेव." आणि पस्तिशीची बाई निमूट उठून चहा ठेवणार. काय म्हणावं या रीतीला!

आणि असा हा फर्मा गंगूबाईंनी दाखवला कुणाला, तर कस्तुरीला.

कस्तुरी ग्राफिक डिझायनर. शहरातल्या पलासिया भागात यतीनबरोबर तिचा स्टुडिओ, अकरा वर्षांची भागीदारी. शहरात होणाऱ्या हस्तकला संग्रहालयाचं काम त्यांना मिळालं होतं. भिंतीवरचे फलक, चित्रं आणि मधोमध एक मोठं टचस्क्रीन टेबल. मुलांनी बोटाने चामड्याचे तुकडे सरकवायचे, सगळे जागच्या जागी बसले की घोडा उठून उभा राहायचा. त्यासाठी कस्तुरीला खरे फर्मे स्कॅन करायचे होते. चार महिने ती गंगूबाईंच्या दोन खोल्यांत जात होती. त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, त्यांच्या ताटात जेवली, "मावशी, मावशी" करत त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशनसुद्धा करवून आणलं. गंगूबाई विरघळल्या. पण मानेच्या फर्म्याला त्यांनी अट घातली.

"देख बेटा, घोडा उभा राहण्यापुरता घे. लोकांना दिसेल ती मान चुकीची काढ. आणि खरी माझ्यासमोर पुसून टाक."

"पुसते मावशी, तुमच्यासमोर पुसते," कस्तुरी म्हणाली.

पडद्यावरचा घोडा उभा राहिला. कस्तुरीने चुकीची मान काढली, लॅपटॉप गंगूबाईंसमोर धरला आणि एक बटण दाबलं. खरी मान पडद्यावरून गेली. गंगूबाईंनी समाधानाने मान डोलावली. पण ती पुसली नव्हती हो! तिने फक्त चित्राचा तो थर, म्हणजे लेयर, झाकला होता. डिझायनर लोकांची ही जुनी खोड, मूळ चित्र म्हणून कधी पुसायचं नाही, न जाणो उद्या लागलं तर. वर लेयरला नाव देऊन ठेवलं, 'असली मान, वापरू नये', असली म्हणजे अस्सल. आपण त्या बाईशी खोटं बोललो, असं तिच्या मनातही आलं नाही.

उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना यतीनच्या टेबलावर एक देखणा डबा दिसला. 'अपना घोडा खुद बनाओ.' आत तार, गोंद आणि मशीनवर कापलेले चामड्याचे तुकडे. कस्तुरीने मानेचा तुकडा उचलला. तीन दिवस माउस फिरवून काढलेली ती रेघ तिने झोपेतही ओळखली असती.

"हे काय आहे, यतीन?"

"सरप्राइज!" यतीन खुशीत म्हणाला. "संग्रहालयाच्या ट्रस्टवाल्यांना गिफ्ट शॉपसाठी काहीतरी पाहिजे होतं. सांवेर रोडच्या कारखान्यात कापून घेतले, पाचशे डबे. मागे बघ, तुझं नाव टाकलंय. डिझाइन, कस्तुरी."

"त्या लेयरवर लिहिलं होतं, वापरू नये."

"अगं, असली लिहिलं होतं ना, म्हणून तर कळलं कुठला घ्यायचा!"

कस्तुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू केसाने गळा कापलास माझा. अकरा वर्षं, यतीन! एका शब्दाने विचारलं नाहीस."

"ओ भिया, शांत! पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावरून एवढं?" मग तो थोडा चिडला. "आणि इतकं गुपित होतं तर पुसायचं होतंस. फाइल तर तूच शेअर केलीस."

त्याने डबे थांबवायला साफ नकार दिला. माल दुकानात पोचला होता. कस्तुरीने ट्रस्टच्या सेक्रेटरींना फोन लावला, तर ते म्हणाले, मॅडम, डब्यावर तुमचंच नाव आहे, आता कसली तक्रार? तिने डबा पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली. उद्घाटनाला गंगूबाई पहिल्या रांगेत बसणार होत्या. त्यांना तिथे कळण्याआधी आपण सांगायचं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. रस्ताभर ती मनाशी घोकत होती. यतीनने केलं, मावशी, मला माहीतसुद्धा नव्हतं.

गंगूबाईंनी डबा उघडला. मानेचा तुकडा बोटांनी चाचपला, उजेडात धरला.

"तू पुसलं होतंस ना, बेटा? माझ्यासमोर गेलं ते."

घोकलेलं सगळं कस्तुरीने सोडून दिलं. पहिलं खोटं यतीनचं नव्हतं.

"नुसतं झाकलं होतं, मावशी. पुसलं नव्हतं."

गंगूबाई उठल्या. पेटीतून फर्मा काढला आणि हाक मारली, "प्रियंका! ये, बस इथे. आज मान शिकवते तुला."

प्रियंका दारातच उभी होती. दोन खोल्यांचं घर, सगळं ऐकू गेलं होतं. तिने डबा हातात घेतला, मागचं नाव वाचलं आणि कस्तुरीला विचारलं, "असे किती?"

"पाचशे."

"म्हणजे पाचशे लोकांनंतर माझा नंबर," ती आईला म्हणाली.

"अगं, दुकान परवा उघडणार. त्यांच्या आधी तुला…"

"आधी हिला दिलंस ना, आई?" प्रियंकाचा आवाज चढलासुद्धा नाही. "तीन वर्षं मी चहा ठेवत राहिले. मला वाटायचं, रीत आहे, आई तरी काय करणार! रीत नव्हती ती. तुझा हिच्यावर भरवसा होता, माझ्यावर नव्हता."

तिने डबा खाली ठेवला, चप्पल घातली आणि बाहेर निघून गेली. गंगूबाई फर्मा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कस्तुरीने त्यांचा हात धरायला पाहिलं, तो त्यांनी मागे घेतला.

"मावशी, मी परवा उद्घाटनाला सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी…"

"मला फसवलंस ते मी सोसून घेईन," गंगूबाई म्हणाल्या. "पण ती रात्री जेवायला घरी येईल. तिला मी काय सांगू, तेवढं सांगून जा."