भिंतीपलीकडचा भोंगा

इतिहासाच्या सरांना अख्खी शाळा पाठीमागे भोंगा म्हणायची, आणि हे नाव ठेवलं होतं शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या गणिताच्या बाईंनी. दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडची पातळ भिंत. इकडे बाई फळ्यावर समीकरण मांडायच्या आणि तिकडे किल्ला पडायचा. एका मुलीनं तर चाचणीत उत्तराच्या जागी तहाची कलमं लिहिली होती. बाई डस्टरनं भिंत ठोकायच्या, आवाज दोन मिनिटं खाली यायचा आणि मग फौज पुन्हा निघायची. संध्याकाळी घरी या माणसाच्या नावानं बोटं मोडल्याशिवाय बाईंना जेवण जात नसे.

त्यामुळे नव्या मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं, तेव्हा खरं तर बाईंनी पेढे वाटायला हवे होते. मॅडमना शाळा शांत हवी होती. पालकांच्या तक्रारी आल्या होत्या म्हणे. भोंग्याचे सगळे वर्ग काढून घ्यायचे आणि त्याला ग्रंथालयात बसवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. शनिवारी शाळा समितीपुढे बाईंनी फक्त खरं ते सांगायचं, की त्रास होतो.

घरी हे ऐकून सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"रोज त्याला शिव्या घालतेस. आता आयतं ताट समोर आलंय, तर घास का अडकतोय गं?"

कुलूपबंद कपाटांच्या मध्ये तोंड मिटून बसलेला भोंगा बाईंच्या डोळ्यांपुढे आला. मग राग आला. आधी मॅडमचा, मग स्वतःचा, आणि शेवटी भोंग्याचाही, कारण मुळात एवढं ओरडायचं कारणच काय होतं?

शनिवारी समितीचे अध्यक्ष, दोन सदस्य आणि मॅडम टेबलापलीकडे बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, सरांच्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो का.

"होतो. रोज होतो," बाई म्हणाल्या. मॅडमनी समाधानानं मान हलवली. "माझ्या नणंदेचाही होतो. म्हणून तिला घराबाहेर काढा, असं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही."

एक सदस्य हसला आणि मॅडमकडे बघून खोकला. बाई मात्र आता थांबणाऱ्या नव्हत्या. ज्या वर्षी त्यांचा घसा पार बसला होता आणि डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्या वर्षीची गोष्ट त्यांनी सांगितली. रजा घेतली असती तर दहावीच्या मुलांचं वाटोळं झालं असतं. बाई फळ्यावर लिहायच्या आणि भोंगा आपल्या वर्गाला वाचन देऊन बाईंच्या वर्गाच्या दारात उभा राहायचा, लिहिलेलं मोठ्यानं वाचायचा. गणितातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. 'क्ष वजा पाच' तो असा म्हणायचा, जसे काही पाच सरदार धारातीर्थी पडलेत. कंसातून एखादं पद बाहेर काढलं की कैदी सुटल्याचा आनंद त्याच्या आवाजात असायचा. मुलं पोट धरून हसली आणि सगळी पास झाली. त्यानं ते कधी कोणाला बोलून दाखवलं नाही.

"पण तक्रार तर तुम्हीच करता ना बाई?" मॅडमनी विचारलं.

"करते, आणि करत राहणार. इतकी वर्षं शेजारी उभी राहून तो हक्क मी कमावलाय, मॅडम. तो तुम्हाला उसना मिळणार नाही."

मग तुमच्या वर्गाचा निकाल घसरला तर पालकांना तुमच्याकडेच पाठवू, असं मॅडमनी थंडपणे सुनावलं. खुशाल पाठवा, बाई म्हणाल्या. अध्यक्षांनी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि तोवर मॅडमनी स्वतः फेऱ्या मारून आवाज ऐकावा असं ठरलं.

शाळेत अशा बातम्यांना पाय फुटतात. सोमवारी तिसरा तास सुरू झाला आणि भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. बाईंच्या वर्गातली मुलं एकमेकांकडे बघू लागली. सर आजारी आहेत का, असं कोणीतरी विचारलंही. बाईंचं स्वतःचंच गणित दोनदा चुकलं. शेवटी खडू ठेवून त्या शेजारच्या दाराशी गेल्या.

भोंगा पुस्तकात डोकं घालून पुटपुटत होता. मागच्या बाकावरची मुलं पेंगत होती. व्हरांड्याच्या टोकाला मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या.

भोंगा दाराशी आला आणि बाईंनी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाला, "उगाच माझ्यापायी तुमच्यावर नको यायला, बाई."

"माझ्यावर यायचं ते आलंय, सर. आता ते वाया घालवू नका." मग मॅडमना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात काही ऐकू येत नाहीये. आवाज सोडा."

भोंग्यानं एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा मुलांकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. बाई मॅडमच्या नजरेला नजर देऊन वळल्या आणि फळ्यापाशी पोचेपर्यंत पलीकडे नदी ओलांडून सैन्य वेशीवर आलं होतं. प्लायवूड थरथरत होतं. "मेल्याला एवढं कोणी सांगितलं होतं," असं पुटपुटत बाईंनी खडू उचलला आणि आपला आवाज त्याच्याही वर चढवला.