सरळ, पुढचा हुकूम येईपर्यंत

गल्लीत त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. ते कॅप्टन कधीच नव्हते. नौदलात बावीस वर्षं त्यांनी सुकाणू धरलं, आणि ज्याच्या हातात सुकाणू तोच जहाज चालवतो असा जमिनीवर राहणाऱ्या माणसांचा समज असतो. कॅप्टननी सुरुवातीला एक-दोघांना खरं काय ते सांगून पाहिलं. पण गैरसमज मानाचा असला की तो दुरुस्त करताना माणसाची जीभ जरा जड होते.

खरं असं होतं की त्यांच्या जहाजावर सुकाणूची खोली पोटात होती आणि तिला खिडकी नव्हती. समोर होकायंत्राची तबकडी, हातात चाक आणि वरून खाली आलेली एक पितळी नळी. वर उघड्यावर अधिकारी उभा. समुद्र बघायचा तो त्याने. तो नळीतून म्हणणार, "डावीकडे दहा." खाली कॅप्टन म्हणणार, "डावीकडे दहा," मग चाक फिरवणार आणि सांगणार, "डावीकडे दहा झालं." मिळालेला हुकूम आधी मोठ्याने म्हणून दाखवायचा, हा नियम. आणि एकदा "सरळ" म्हटलं की पुढचा हुकूम येईपर्यंत सरळ. मध्येच स्वतःचं डोकं चालवायचं नाही. डोकं चालवायला वर वेगळी माणसं नेमलेली होती.

अशा रीतीने कॅप्टननी अर्ध्या जगाला वळसा घातला आणि त्यातलं फारसं काही पाहिलं नाही.

त्यांच्या बायकोने उलट केलं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, त्यामुळे गल्लीत त्यांना बाई म्हणत. बाई शहराबाहेर चारदोनदाच गेल्या होत्या, तरी जगातली प्रत्येक नदी कुठे उगम पावते आणि कुठे समुद्राला मिळते ते त्यांना ठाऊक होतं. कॅप्टन पत्रात लिहायचे, "कुठल्यातरी बंदरात आहोत. वरून ओल्या लाकडाचा वास येतो आहे." बाई नकाशा काढून बसायच्या आणि उत्तर पाठवायच्या: तुमच्या उजव्या हाताला डोंगर आहे, त्याच्या मागे जंगल, ते लाकूड तिथून येतं, गार वारा सुटेल, स्वेटर घाला. पत्र पोचेपर्यंत जहाज कुठल्याकुठे गेलेलं असायचं. कॅप्टन तरीही स्वेटर घालायचे. एकदा तर भर उकाड्यात त्यांनी तो चार दिवस घातला होता आणि जहाजावरच्या डॉक्टरने त्यांची जीभ तपासली होती.

चाळीस वर्षांपूर्वी निवृत्त होऊन घरी आल्यावर कॅप्टननी बाईंना एकच शब्द दिला होता: आता मी कुठे जाणार नाही. आणि घरातली व्यवस्था आपोआप ठरून गेली. बाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, दूध उतरवा." कॅप्टन म्हणायचे, "दूध उतरवतो." मग, "दूध उतरवलं." पाहुण्यांना वाटायचं, कॅप्टनना कमी ऐकू येतं. मुलीला कितीतरी वर्षं वाटायचं की सगळे वडील असेच बोलतात. पुढे तिचं लग्न झालं, आणि नवऱ्याला काही सांगितलं की तो नुसता "हूं" म्हणतो हे पाहून ती आठवडाभर रडली.

तर अशा या सुरळीत चाललेल्या घरात बाई पडल्या.

पडल्या तेही हॉलच्या सपाट, कोरड्या फरशीवर. याचं बाईंना हाडापेक्षा जास्त दुःख झालं. "स्टुलावरून पडले असते तर चार लोकांना सांगायला तरी तोंड राहिलं असतं," त्या म्हणायच्या. खुब्याचं हाड मोडलं, त्यात स्क्रू बसले, हाड जुळलं. सर्जनने फोटो उजेडात धरून सांगितलं की काम झकास झालंय, आता चाला. बाई चालेनात. पलंगावरून पाय खाली सोडला की त्या ओरडायच्या, "फरशी हलतेय!" आणि पाय परत वर.

सुतार येऊन दारापासून अंगणापर्यंत फळ्यांचा उतार करून गेला. चाकाची खुर्ची आली. चार पायांचा वॉकर आला आणि पलंगाशेजारी असा उभा राहिला की जणू तोच आजारी आहे आणि बाई त्याला बघायला आल्या आहेत. रोज पाचला व्यायाम शिकवणारी मुलगी यायची. "आजी, फरशी नाही हलत, तुम्हाला तसं वाटतंय," असं गोड आवाजात सांगायची. बाईंनी पस्तीस वर्षं वर्गात "पृथ्वी फिरत नाही, तुम्हाला तसं वाटतंय" म्हणणाऱ्या पोरांना गप्प केलं होतं. त्यांना असलं समजावणं कसं पटणार?

महिना गेला. बाई बोलायच्याही कमी झाल्या. स्वयंपाकघरातून हुकूम येईना. कॅप्टन ओट्यापाशी उभे राहून दुधाकडे बघत राहायचे. दूध उतू जायचं, आणि ते काय करावं हे न कळल्यासारखे नुसते पाहायचे. दुपारी घर इतकं शांत व्हायचं की ते बंदर सोडून हळूहळू निघालंय असं त्यांना वाटायचं. पडदा फुगायचा, बसायचा. छतावर कुठल्यातरी पाण्याचं प्रतिबिंब थरथरायचं. ते बादलीचं असणार, पण कॅप्टन कधी उठून बघायला गेले नाहीत.

गुरुवारी दुपारी मुलीचा फोन आला.

"बाबा, मी सगळं ठरवलंय. रविवारी अँब्युलन्स घेऊन येते. इथे एक चांगलं शुश्रूषागृह आहे, चोवीस तास नर्स, लिफ्ट, सगळं. डॉक्टर म्हणतात, आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. तुमच्या एकट्याच्या हातून नाही व्हायचं ते."

"रविवारी अँब्युलन्स," कॅप्टन म्हणाले.

"हो. तुम्ही माझ्याकडे राहा. आईला रोज चार ते सहा भेटता येतं."

"चार ते सहा."

"चला, तुम्हाला पटलं, बरं झालं. मला वाटलं होतं चिडाल," मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कॅप्टन फोन हातात धरून बसले. त्यांना पटलं वगैरे काही नव्हतं. त्यांनी फक्त ऐकल्याचं कळवलं होतं. पण चाळीस वर्षांत या घरात ऐकलं आणि ते केलं नाही असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे हा फरक मुलीला कुणी शिकवलाच नव्हता.

"चार ते सहा काय?" पलंगावरून बाईंनी विचारलं.

कॅप्टननी सगळं सांगितलं. छताकडे बघत बाई म्हणाल्या, "जमिनीवर येऊन माणूस चार ते सहा भेटणार. त्यापेक्षा जहाज बरं होतं. निदान पत्रं यायची."

यावर कॅप्टननी एक विचित्र गोष्ट केली. ते खाली वाकले, गुडघे टेकले आणि फरशीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. जणू दुरून कुणाच्यातरी पावलांची चाहूल घेत होते.

"काय करताय?"

"हलतेय," कॅप्टन म्हणाले.

बाईंनी मान वळवली. महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी हो म्हटलं होतं.

"खरंच?"

"जरा. फार नाही. मागून येणारी लाट आहे, लांब लांब. अशीच बावीस वर्षं हलत होती की."

"मग तुम्ही पडत कसे नव्हता?"

"मी बघतच नव्हतो. खोलीला खिडकी कुठे होती? लाट दिसली की पाय घाबरतात. वरून सांगतील तेवढं करायचं."

पडदा एकदा फुगून बसला.

"मग सांगा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"नाहीतर कोण? वॉकर सांगणार आहे?"

आयुष्यात कॅप्टननी कुणाला हुकूम दिला नव्हता. नौदलात वरचे होते, घरी बाई होत्या. एकदा कुत्र्याला "बस" म्हणाले होते, तो निघून गेला होता. त्यांनी खांदे ताठ केले, खोकले आणि नळीतून यावा तशा आवाजात म्हणाले, "पाय खाली."

"पाय खाली," बाई म्हणाल्या. पाय फरशीला लागले. त्यांचे डोळे गच्च मिटले. "पाय खाली झाले."

"उभी राहा."

"उभी राहते. अहो, धरा हं! उभी राहिले."

कॅप्टन मागे गेले आणि दोन्ही हात बाईंच्या कमरेशी, पण न लावता, धरून उभे राहिले. फरशी त्या दोघांखाली अगदी संथ वर गेली, खाली आली. बाईंनी डोळे किलकिले केले आणि समोर, नाकाच्या रेषेत, कशाकडेच न बघता नजर लावली.

"सरळ," कॅप्टन म्हणाले.

"सरळ," बाई म्हणाल्या, आणि डावं पाऊल पडलं.

मग उजवं. मग डावं. फरशीवर अनवाणी पावलांचा तो आवाज, चप, थोडा वेळ काही नाही, चप, कॅप्टननी महिनाभर ऐकला नव्हता. त्याच्या आधी चाळीस वर्षं रोज ऐकला होता आणि कधी लक्ष दिलं नव्हतं. तो ऐकता ऐकता त्यांना वाटलं, आपण कुठल्यातरी फार जुन्या सकाळी आहोत, अजून पुरते जागे झालेलो नाही, आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी घर सुरू करतंय.

या ऐकण्यात ते पुढचा हुकूम द्यायला विसरले.

बाईंच्या जागी दुसरं कुणीही असतं तर दाराशी थांबलं असतं. पण बाई हाताखालच्या माणसाचं काम करत होत्या, आणि ते काम चाळीस वर्षं त्यांच्यासमोर चोख होत आलं होतं. सरळ म्हणजे सरळ. झोपायच्या खोलीचं दार, हॉल आणि बाहेरचं दार एका रेषेत होतं. व्यायामवाल्या मुलीसाठी बाहेरचं दार उघडंच ठेवलेलं. बाई हॉलमधून गेल्या. जिथे पडल्या होत्या त्या फरशीवरून गेल्या. उंबऱ्याबाहेर सुताराच्या फळ्या कुरकुरल्या. बाई फळ्यांवरून उतरल्या. अंगण संपलं, उघडं फाटक आलं आणि मागे राहिलं. कॅप्टन मागून हात पसरून येत होते, तोंड उघडं, आवाज नाही.

गल्लीत पाववाला सायकलवरून येत होता. त्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ब्रेक लावला. घरच्या गाऊनमध्ये, अनवाणी, डोळे अर्धे मिटून बाई त्याच्या पुढच्या चाकासमोरून ऊन कापत गेल्या. मागोमाग एका पायात चप्पल घातलेले कॅप्टन. पाववाल्याला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून त्याने घंटी वाजवली.

समोर शिंप्याचं दुकान होतं. दुकानाच्या पायरीपाशी बाई थांबल्या.

"पुढे पायरी आहे," त्या म्हणाल्या. "काय करू?"

"थांब," कॅप्टनच्या तोंडून कसंबसं निघालं.

"थांबले," बाई म्हणाल्या आणि डोळे उघडले.

शिंपी गळ्यातली टेप सावरत धावला. त्याने स्वतःची खुर्ची बाहेर आणली आणि बाई बसल्या. त्यांना धाप लागली होती आणि चेहरा लालबुंद झाला होता.

"अहो, शिंप्याकडे आणलंत मला! काही शिवायचंय का?"

"विसरलो," कॅप्टन म्हणाले.

"विसरलात? तुमचा तो वरचा अधिकारी असा विसरायचा?"

"एकदा विसरला होता." कॅप्टन पायरीवर टेकले. "तरुण होता. त्या दिवशी त्याला तार आली, मुलगी झाली म्हणून. सरळ म्हणाला आणि गप्प. पाऊण तास आम्ही सरळ गेलो. मी खाली उभा, नळीला कान लावून. आवाज नाही. फक्त वर तो इकडून तिकडे फिरत असल्याचं ऐकू यायचं."

"मग?"

"मग काही नाही. समुद्र मोठा असतो."

बाई हसल्या. आधी तोंडातल्या तोंडात, मग खुर्ची हलेपर्यंत. शिंपीही हसला. त्याला कशाला हसायचं ते कळलं नव्हतं, पण गिऱ्हाईक हसलं की हसायचं ही त्याच्या धंद्याची रीत होती.

तेवढ्यात समोरून, त्यांच्याच घरातून, किंकाळी आली. व्यायामवाली मुलगी वेळेच्या आधीच पोचली होती. तिने रिकामा पलंग पाहिला, तसाच उभा असलेला वॉकर पाहिला, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि घाबरून थेट बाईंच्या मुलीला फोन लावला. फोन कानाला लावून ती फाटकात आली आणि तिथेच खिळली.

"आण इकडे," बाईंनी हात केला. फोन घेतला. पलीकडून रडण्याचा आवाज येत होता. "अगं, रडतेस काय? मी शिंप्याकडे आहे... कशी म्हणजे? चालत. नाही, बाबा सोबत होते, त्यांनीच रस्ता चुकवला... रविवारी ये ना, जरूर ये. पण साध्या गाडीने ये. आणि ऐक, बाबा नुसतं परत म्हणाले म्हणजे हो म्हणाले असं नसतं. हो म्हणाले का, ते वेगळं विचारायचं. चाळीस वर्षं मलाही वाटायचं की ते माझं सगळं ऐकतात."

कॅप्टन पायरीवर बसून नखं बघत होते.

परत जायला मात्र बराच वेळ लागला. शिंपी म्हणाला, खुर्चीसकट उचलून नेऊ. बाई म्हणाल्या, मी कापडाचा तागा नाही. मग कॅप्टनना म्हणाल्या, हुकूम नको, काही नको, तुमचा दंड धरू द्या. गल्लीच्या मधोमध दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा बाई रडल्याही, दुखत होतं म्हणून. पाववाला दोन्ही वेळा सायकल आडवी धरून उभा राहिला, जणू मागून फार मोठी वाहतूक येतेय. गल्लीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. संध्याकाळचं ऊन भिंतींवरून इतकं सावकाश वर चढत होतं की तेही थांबूनच जातंय असं वाटावं.

घरी आल्यावर व्यायामवाल्या मुलीने आपला तक्ता काढला. महिनाभर तिथे एकच शब्द होता, "नकार". तिने आज लिहिलं: घर ते समोरचं दुकान, परत. मग आधाराचं साधन या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. काठी, वॉकर, खुर्ची, यांतलं काहीच नव्हतं.

"नवरा लिही," उशीला टेकून बाई म्हणाल्या. "आणि उद्याही हाच लिही. तो वॉकर घेऊन जा गं, खोलीत जागा अडवतो."