ज्यानं परमिट घेतलं

विजेचा बाजार सगळ्या कंपन्यांना खुला झाला त्या दुपारी हणमंत वायरमन खांबावर होता, आणि एकेक कंपनी तारेवर आली तसतसा खांब वाढत गेला. चौथी आली तेव्हा हणमंत सुपारीएवढा दिसायला लागला.

उपकेंद्राच्या खिडकीतून वैजयंता बघत होती. ती तिथली ऑपरेटर, आणि हणमंतची थोरली बहीण. सकाळी लाइन बंद करून खांबावर कामाचं परमिट त्याला तिनंच दिलं होतं. आता ज्यानं परमिट घेतलं, त्यानंच खाली येऊन सही करून ते परत करायचं. तोवर लाइन चालू केली, की वरचा माणूस जागच्या जागी खलास. यात हयगय चालत नाही.

दार उघडून हणमंत आत आला. "आक्का, काम झालं. परमिट परत घे."

वैजयंतानं खिडकीतून पाहिलं. खांबावर हणमंत होताच.

"तू कुणाकडचा रे?"

"पहिल्या कंपनीचा."

त्याच्यामागून आणखी तिघं आले. तोच चेहरा, तीच फाटकी चप्पल. चौघांनी सह्या केल्या. सह्या हुबेहूब!

"निवड तुझी, आक्का," चौघं म्हणाले. "एकाची सही धर आणि लाइन चालू कर."

वैजयंतानं विचारलं, "सकाळी डबा दिला तेव्हा काय बोललास?"

"'ठेव तिथं' म्हणालो," पहिला म्हणाला. खरं होतं.

"म्हणालो, पण वळून तुझ्याकडं बघितलं," दुसरा म्हणाला.

"मला वाईट वाटलं," तिसरा म्हणाला.

चौथा जवळ आला. "तुझं बोट भाजलेलं दिसलं. आई गेल्यापासून तूच सगळं रेटतेस, आक्का. मी कधी बोललो नाही."

वैजयंताला रडूच कोसळलं. उभ्या जन्मात हणमंत असं बोलला नव्हता. हा आपला नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तो तिला आवडला, आणि त्याचीच तिला धडकी भरली.

वरून बारीक आवाज आला. "ए आक्का! झोपलीस काय? शिडी पाठव की! मेलो इथं!"

"किती ओरडतो," चौथा हळूच म्हणाला. "दमलीस तू. मी करू चालू?"

"नको," वैजयंता म्हणाली. "माझं काम आहे ते."

आणि वरचा आवाज येऊ नये म्हणून तिनं आधी खिडकी लावून घेतली.