बाजूने एक्केचाळीस

नील ऑस्ट्रँडर मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. दोन वर्षांपूर्वी हॉलिस क्रीकमध्ये राहायला आला, कशासाठी ते कुणाला धड सांगितलं नाही, आणि पालकसभेत मात्र पहिल्या रांगेत. मुलं किती, नर्सचा पगार कोण देतं, छप्पर कधी बदललं, चौकशा काही संपायच्या नाहीत. मी व्हर्नाला म्हणायचे, हा खासगी शाळावाल्यांनी पेरलेला माणूस आहे, लिहून ठेव. व्हर्ना माझी चुलत बहीण. ती म्हणायची, तुला तर पाद्र्याचाही संशय येतो. येतो. मग?

त्या मंगळवारी मला फसून चालणार नव्हतं. आमच्या शाळेत मुलं त्र्याहत्तर. राज्याने लहान शाळांना जादा निधी दिला तर ती पुढच्या वर्षी उघडणार, नाही तर कुलूप. मग माझी लेक रेन, सात वर्षांची, मधुमेह असलेली, रोज सव्वा तास बसमध्ये. साखर उतरली की ती रडत नाही की सांगत नाही, नुसती गप्प होते. शाळेतल्या नर्सला ते ओळखता येतं. बस चालवणाऱ्याला कुठून येणार?

निधीचं विधेयक क्रमांक दोनशे अठरा. ते त्या दिवशी राजधानीत समितीपुढे यायचं होतं. आमच्या राज्यातली रीत अशी, की समितीच्या दाराशी एक पेटी असते. नाव, गाव, विधेयकाचा क्रमांक आणि ‘बाजूने’ की ‘विरोधात’ याची खूण केलेली चिठ्ठी तीत टाकायची. येऊ न शकणाऱ्यांच्या चिठ्ठ्या दुसऱ्याने टाकल्या तरी चालतात. गाई वियायचे दिवस, गोठा सोडून कोण येणार? म्हणून आम्ही तिघंच निघालो, मी, व्हर्ना आणि नील, कारण मोठी गाडी त्याची. गावच्या चिठ्ठ्या मी रबर लावून माझ्या पर्समध्ये ठेवल्या. त्याला हात लावू दिला नाही. त्याची एक चिठ्ठी त्याच्याच खिशात होती.

आधी आमच्या आमदारांना भेटलो, रेक्स लिंडहोम. आमच्याच शाळेतले, त्यांच्या बास्केटबॉल संघाचा फोटो अजून जिममध्ये आहे. मी पहाटे उठून दालचिनीचे रोल केले होते. त्यांनी दोन खाल्ले, बोटं चाटली आणि रेनची साखर कशी आहे ते नाव घेऊन विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आपलं माणूस ते आपलं माणूस.

“चिठ्ठ्या किती आणल्यास, डार्ला?”

“एक्केचाळीस.”

“शाबास. वेळेत टाक. पुढचं माझ्याकडे लागलं.”

बाहेर आलो तर नील गायब. शोधलं तर लिफ्टपाशी एका सुटाबुटातल्या बाईशी हसून बोलतोय, आणि तिच्या छातीवर खासगी शाळांच्या संघटनेचा बिल्ला. मी व्हर्नाला कोपर मारलं. बघ म्हटलं, सांगत नव्हते मी?

तो जवळजवळ धावतच आमच्याकडे आला. “चिठ्ठ्या टाकू नका. विधेयक बदललंय म्हणे. नवा मसुदा खालच्या खिडकीवर मिळतो, मी घेऊन येतो.”

पेटी बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“त्या बाईच्या तोंडून निघून गेलं.”

“आणि ती तुमची कोण?”

“कोणीच नाही हो. मी मुद्दाम गप्पा मारल्या तिच्याशी.”

मुद्दाम म्हणे. व्हर्ना म्हणाली, थांबू या की जरा. मी म्हटलं, यांना तेच हवंय, आपण थांबायचं आणि पेटी बंद व्हायची. मी रबर काढलं आणि गठ्ठा पेटीत सोडला. नील जिन्याने खाली पळाला. मला तेव्हा, खरं सांगते, जिंकल्यासारखं वाटलं.

बैठक सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, दोनशे अठराचा जुना मजकूर काढून त्या जागी नवा घेतला आहे. कारकून वाचू लागला. शंभराहून कमी मुलांच्या शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिळवायच्या, वाचलेला निधी खासगी शाळा निवडणाऱ्या कुटुंबांना द्यायचा. मला वाटलं, हा भलताच कागद वाचतोय. भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. दोनशे अठरा.

मजकूर कुणी बदलला, तर लिंडहोमसाहेबांनी. ते उठून म्हणाले, “माझ्या स्वतःच्या गावचे एक्केचाळीस पालक बाजूने आहेत. त्यांचे आभार.” आणि नावं वाचायला लागले. दुसरं नाव माझं होतं.

मी ताडकन उभी राहिले. म्हटलं, माझी चिठ्ठी परत द्या. अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं की पेटी बंद झाल्यावर चिठ्ठी बदलत नाही, आणि वेळ कमी असल्याने फक्त विरोधकांनाच बोलता येईल. विरोधात गावातून एकच चिठ्ठी होती, नीलची. मसुदा घेऊन धापा टाकत वर आला होता तो, आणि शेवटच्या मिनिटाला खूण बदलून चिठ्ठी पेटीत टाकली होती.

त्याला दोन मिनिटं मिळाली. स्वतःबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. पालकसभेत मी कधीतरी सांगितलेलं रेनचं सगळं त्याने सांगितलं, ती कशी गप्प होते तेसुद्धा. मग माझ्याकडे हात केला. “तिची आई इथेच बसलीय. तिला विचारा.”

“त्यांची चिठ्ठी ‘बाजूने’ आहे,” अध्यक्ष म्हणाले. “विरोधकांच्या वेळेत त्यांना बोलता येणार नाही.”

नऊ विरुद्ध चार. समितीत मंजूर. नीलच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर आलो तोच व्हर्नाचा फोन वाजला. आमच्या गावच्या पशुखाद्याच्या दुकानातली मार्जोरी. दुकानात सगळे जमलेत, विचारतायत. व्हर्नाने फोन माझ्या हातात दिला.

“डार्ला, आमच्या चिठ्ठ्या वेळेत पोचल्या ना गं?”

“पोचल्या,” मी म्हटलं. “सगळ्या पोचल्या. मी स्वतः टाकल्या.”

तिने तिकडे मोठ्याने सर्वांना सांगितलं, आणि मला टाळ्या ऐकू आल्या.